पाठ कोणी पाहिली नाही

मी एक जुना शब्द आहे, मित्रांनो. व्हिंज माझं नाव आणि उत्तर इंग्लंड माझं घर. हजारेक वर्षांपूर्वी कुत्र्याच्या केविलवाण्या कुंईकुंईला लोक माझ्या पूर्वजाच्या नावाने ओळखत. पुढे माणसाच्या रडगाण्यालाही मीच चिकटलो. आणि मी चिकटलो की संपलंच, त्या माणसाचं कोणी ऐकून घेत नाही. याचा मला केवढा गर्व होता! आग लागो त्या गर्वाला.

कोळशाच्या खाणीशेजारच्या आमच्या गावात कुरकूर करणं म्हणजे नामुष्की. खाणकामगार सेप्टिमस तर मुलखाचा अबोल. एका संध्याकाळी तो शेगडीपुढच्या टबात बसला होता आणि बायको हेस्टर त्याचं अंग चोळत होती. पाठ सोडून. पाठ धुतली की कणा कमजोर होतो, असं आमच्याकडे सगळेच मानत. तिथला काळा थर रविवारीही तसाच राही.

"हेस्टर, आज छतातला दगड पडला गं पाठीवर. आत दुखतंय," तो म्हणाला.

"उद्या खाडा करायचाय होय रे? तुझा बाप बोटं तुटली तरी ब्र काढत नव्हता. आणि तू व्हिंज करतोस?"

तो ओशाळून हसला. "बरं बाई, चुकलं माझं."

दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला. परतल्यावर जेवला नाही. दुखतंय असंही म्हणाला नाही, कारण त्याने माझी धास्ती घेतली होती. त्याची कुत्री तेवढी पायाशी कुंईकुंई करत राहिली.

"हिला काय होतंय गं बाई?" म्हणत हेस्टरने तिच्यापुढे दूध ठेवलं. कुत्रीने तोंड लावलं नाही.

चौथ्या दिवशी सेप्टिमस गेला. मेलेल्या माणसाचं मात्र सगळं अंग धुतात. हेस्टरने पाठीवरून ओला फडका फिरवला, कोळशाचा थर निघाला आणि खाली ताटाएवढी काळीनिळी सूज दिसली. तिने फडका बाजूला टाकून सुजेवर हात ठेवला.

"अरे, एकदा सांगायचंस तरी रे!"

सांगितलं होतं त्याने. मीच आडवा आलो.

हेस्टरने पुन्हा कधी माझं नाव घेतलं नाही. मी मात्र अजून जिवंत आहे, आता तर देशोदेशी लोकांच्या तोंडी आहे. मित्रांनो, कोणी दुखतंय म्हणालं, तर मला जिभेवर आणू नका. आधी फडका ओला करा आणि त्याची पाठ पाहा.