कारणाचा रकाना

विभागात त्याला सगळे कुलूपकाका म्हणत. तोंडावर म्हणत, मागेही म्हणत. दीडशे कॉम्प्युटर, सर्व्हरची ती थंडगार खोली आणि समस्त प्राध्यापकांची मेलखाती, एवढ्या सगळ्याची राखण एकवीस वर्षं त्याच्याकडे होती. कोणी पासवर्डची चिठ्ठी स्क्रीनला चिकटवली की हा स्वतः जाऊन फाडायचा आणि वर बोलणी खायचा.

त्याचा एक हट्ट होता. कुठल्याही खात्याच्या सुरक्षेत बदल करायचा तर कॉम्प्युटर आधी कारण विचारणार. कारणाचा रकाना रिकामा ठेवला तर बदल होणारच नाही, आणि एकदा लिहिलेलं कोणालाही पुसता येणार नाही, अगदी त्यालासुद्धा. ही सोय त्याने भांडून करून घेतली होती. माझाही भरवसा धरू नका, असं भर बैठकीत ऐटीत सांगितलं होतं. घ्या आता.

विभागप्रमुख म्हणजे त्याचे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी काही त्यांनी लावलेली नव्हती, हा त्यांच्या आधीपासून तिथे होता; पण हे लोकांना पटवता पटवता केस पिकले बिचाऱ्याचे. म्हणून ऑफिसात तो त्यांना कटाक्षाने 'सर' म्हणे आणि ताईच्या घरी भाऊजी.

दोन वर्षांपूर्वी त्याने सगळ्यांच्या मेलला दुसरं कुलूप लावलं. पासवर्ड टाकला की फोनवर सहा आकडे येणार, ते भरल्याशिवाय मेल उघडणार नाही. भाऊजींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याला मात्र ते अवाक्षर बोलले नाहीत, घरी ताईवर डाफरत राहिले. मग ताईचे फोन सुरू झाले. ह्यांना चष्मा सापडेपर्यंत त्या आकड्यांची मुदत संपते, मग दिवसभर घरात तोंड फुगलेलं, काढून टाक की रे ते. दोनदा तो ठाम नाही म्हणाला. तिसऱ्या फोनला ताई रडली. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता. शाळेच्या डब्यापासून तापातल्या जागरणांपर्यंत सगळं हिनेच केलेलं. विरघळला गडी. दुसऱ्या दिवशी त्याने भाऊजींच्या मेलचं दुसरं कुलूप काढायला घेतलं, तर समोर कारणाचा रकाना. ताईचं नाव तिथे कसं लिहायचं? दुसरं काही सुचेना, तेव्हा त्याने लिहिलं, 'घरचं काम'.

ते यंदा अंगाशी आलं. परीक्षेच्या पाच दिवस आधी भाऊजींना कोणा भामट्याची मेल आली, की तुमची पेटी भरली आहे, पासवर्ड कळवा. एवढा विद्वान माणूस, कळवला. पेटीत शेवटच्या वर्षाच्या चारही प्रश्नपत्रिका होत्या. दुसरं कुलूप असतं तर तो भामटा दारातच अडला असता. दुसऱ्या दिवशी प्रश्नपत्रिका पोरांच्या फोनवर फिरल्या, परीक्षा रद्द झाली आणि चौकशी समिती बसली.

कुलूप काढा असं मी कधीच सांगितलं नाही, असं भाऊजी समितीला म्हणाले. खोटं नव्हतं ते. आकडे येईनासे झाले तेव्हा यंत्रणा सुधारली असेल असं वाटलं, हेही वर म्हणाले. अध्यक्षबाईंनी कारणाचा रकाना मोठ्याने वाचला. घरचं काम म्हणजे कोणाच्या घरचं, आणि त्यातून तुम्हाला काय मिळालं? सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर नोकरी संपली असं समजा.

रविवारी तो ताईकडे गेला. भाऊजी आतल्या खोलीत होते, बाहेर आलेच नाहीत. ताई वाळलेले कपडे घडी करत होती.

"ताई, तू मला फोन केला होतास, एवढंच लिहून दे. दोन ओळी."

ताईने एका शर्टाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "मी आपलं मन मोकळं केलं तुझ्यापाशी. काढलंस ते तू." मग आतल्या दाराकडे बघत आवाज उतरवून म्हणाली, "ह्यांची दोनच वर्षं राहिलीत रे. तू काय, कुठेही चिकटशील."

एक्कावन्न वर्षांचा माणूस कुठे चिकटणार? जन्मात पहिल्यांदा त्याला ताईचा राग आला, असा की तिथे बसवेना. चहा न घेता तो उठला.

घरी येऊन त्याने खुलासा लिहायला घेतला. ताईचं नाव लिहिलं असतं तर समितीने तिला बोलावलं असतं, आणि तिथे ती सरळ नाही म्हणाली असती. ते ऐकायची त्याची तयारी नव्हती. अर्ध्या पानात त्याने सगळी चूक स्वतःवर घेतली. आठवड्याने हकालपट्टीचं पत्र आलं, खाली विभागप्रमुखांची सही.

शेवटच्या दिवशी त्याने सर्व्हरखोलीच्या किल्ल्या त्याच्या जागी आलेल्या नव्या बाईंच्या हातात दिल्या. नियम त्याचाच होता, की जाणाऱ्याचं खातं त्याच दिवशी बंद करायचं. बाईंना संकोच वाटत होता, तेव्हा तो स्वतःच खुर्चीत बसला. कारणाचा रकाना समोर आला. त्याने 'घरचं काम' असं लिहिलं आणि बटण दाबलं.

बाई वाकून बघत होत्या. "हे काय लिहिलंत? बदला ना."

"नाही बदलता येत," तो म्हणाला आणि उठून त्याने खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.