काळ्या लोकरीचा डोळा

माझं माहेर येवल्याचं, घरात चार माग. त्यामुळे विणलेलं काही हातात आलं की मी ते आधी उलटं करते. खऱ्या पैठणीची उलट-सुलट बाजू सारखीच. मागे दोरे लोंबताना दिसले की समजायचं, हा माल खोटा, यंत्रमागावरचा. हे मला चौथीत असताना कळत होतं. इकडे परदेशात, क्लेटनला येऊन सत्तावीस वर्षं झाली, तरी ही सवय काही गेली नाही.

तिलेली पहिल्यांदा घरी जेवायला आली तेव्हाही तेच झालं. तिलेली म्हणजे आमच्या अनिशची मैत्रीण. युनीमध्ये भेटले, आता दोघं लग्न करायचं म्हणतायत. तिची आई फादमा मोरोक्कोच्या डोंगरातली. "आम्ही अरब नाही हं आंटी, अमाझिग," असं पोरीने बसल्या बसल्या सांगून टाकलं. मग तिने एक गुंडाळी माझ्या हातात दिली. लोकरीचं जाजम, त्याला किलीम म्हणतात. "आईने तुमच्यासाठी स्वतः विणलंय. सहा महिने लागले."

मी ते उलटं केलं. मागे नुसती दाढी! लाल, पिवळे, काळे दोरे, बोट-बोटभर लांब.

"आई, प्लीज, नॉट नाऊ," अनिश पुटपुटला. मी ते गुंडाळून बाजूला ठेवलं. पण जेवताना डोक्यात तेच. शितावरून भाताची परीक्षा. जी बाई जाजमाबद्दल खोटं बोलते, ती मुलीबद्दल काय काय लपवत असेल? आणि पुढच्या रविवारी हीच बाई लग्नाची तारीख ठरवायला येणार!

"अगं, ती काय पैठणी आहे का?" विनय म्हणाला. आमच्या ह्यांना काय, कोणी गोड बोललं की झालं.

बुधवारी माझी शिफ्ट लवकर सुटली. आर्व्हो, म्हणजे इथली दुपार, मोकळी होती. किलीम डायनिंग टेबलवर पसरलं आणि चष्मा लावून इंच न् इंच तपासलं. पुढून ओळीने चौकटी, लाल-पिवळ्या, अगदी रेखीव. पण एका कोपऱ्यात एकच चौकट वेगळी, आणि तिच्या मध्ये काळा ठिपका. बाकी कुठेच काळं नाही. म्हटलं, पाणी इथेच मुरतंय, हे ठिगळ आहे. मागच्या बाजूने कात्री लावली, चार दोरे कापले आणि ओढले. काळी लोकर अलगद हातात आली! मी ती झिपलॉकच्या पिशवीत भरून ठेवली. पुरावा म्हणून.

रात्रीच्या जेवणाला ती पिशवी अनिशसमोर धरली. "हे बघ. विणलेलं नाही, वरून सुईने भरलेलं काम आहे. रविवारी मी त्या बाईला विचारणार."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "विचार. पण तिलेली रडत या घरातून गेली ना, तर मी पण जाईन. आणि परत येणार नाही, आई." एरवी माझ्याशी इंग्लिशमध्ये बोलणारा पोरगा हे एवढं सगळं मराठीत बोलला. रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही. पण पिशवी काही मी फेकली नाही.

रविवारी फादमा आली. बुटकीशी बाई, बोटं माझ्या आजोबांसारखी, घट्टे पडलेली. सोफा सोडून सरळ जमिनीवर किलीमजवळ बसली, आणि तिनेही ते आधी उलटंच केलं. कापलेली जागा दिसली. तिने माझ्याकडे बघितलं. अनिशने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आमच्याकडे हाताच्या विणकामाला मागे दोरे नसतात."

तिलेलीने ते आईला सांगितलं. फादमा चिडली नाही. तिने माझा हात धरून त्या दाढीवर ठेवला आणि मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाली, "आमच्याकडे असतात. प्रत्येक रंग हाताने आत घालायचा, नक्षी संपली की शेवट मागे सोडायचा. डोंगरात बर्फ पडतो. हे दोरे ऊब धरतात."

हात खरंच ऊबदार वाटला. माझं तोंड एवढंसं झालं. सहा महिन्यांचं काम, आणि मी शहाणी त्याला कात्री लावून बसले होते.

"आणि मी कापलं ते काय होतं?"

तिलेली खाली बघायला लागली. "डोळा. दृष्ट लागू नये म्हणून विणतात."

"कोणाची दृष्ट?"

फादमाच म्हणाली, "तुझी. मुलगी परक्या घरात चालली. सासू कशी आहे, मला काय माहीत?"

माझी? क्षणभर माझं डोकंच फिरलं. आम्ही काय सुना छळणारी माणसं वाटलो? म्हणजे मी इकडे हिच्यावर संशय घेत होते, तर ही तिकडे सहा महिने माझ्यावर! पण मग ड्रॉवरमधली झिपलॉकची पिशवी आठवली. बाईने माझ्यापासून राखण म्हणून एक डोळा ठेवला, आणि मी पहिल्याच आठवड्यात नेमका तोच फोडला होता. तिचं चुकलं होतं कुठे?

उठले. पिशवी आणली, सुई आणली. फादमाला जवळचं नीट दिसत नव्हतं, म्हणून मीच दोरा ओवला. ती बोटाने दाखवत गेली आणि मी काळी लोकर परत आत घालत गेले. दोरे आखूड झाले होते, म्हणून मागे गाठी मारल्या. डोळा जरा वाकडाच झाला. अनिश जवळ येऊन बसला आणि त्याने जाजमाचा कोपरा ताणून धरला.

"बास," फादमा म्हणाली. "पक्का झाला."

"थांबा विहीणबाई," मी म्हटलं. "अजून दोन टाके घालते. मी ओळखते ना मला."