चिकटलेलं पान

मी एक जुना कागद आहे. एक म्हणण्यापेक्षा आठ म्हणा. आम्ही आठ पानं एकाच दोऱ्यात शिवलेली आहोत आणि शंभराहून अधिक वर्षं पेटंट कचेरीच्या तळघरात, तिसऱ्या कपाटात राहतो.

पेटंट म्हणजे काय, ते आधी सांगतो, मित्रांनो. कुणी काही नवं शोधून काढलं की सरकार त्याला लिहून देतं, 'हे तुझं. अमुक वर्षं तुझ्या परवानगीवाचून दुसऱ्यानं हे करायचं नाही.' पण त्याआधी एक परीक्षक दोन गोष्टी तपासतो. हे खरंच नवं आहे का? आणि जुने कागद वाचलेल्या, त्या धंद्यातल्या साध्या कारागिराला हे आपोआप सुचलं नसतं ना? सुचलं असतं, तर पेटंट नाही. आपण 'त्यात काय एवढं!' म्हणून मोकळे होतो, परीक्षक तेच शिक्का मारून म्हणतो.

मला जन्म दिला एका लेथवाल्यानं आणि त्याच्या बायकोनं. त्या काळी दुधाच्या गाड्यांना मोटर वर बसवायची आणि साखळीनं चाक फिरवायचं, अशी रीत होती. साखळी निसटायची, दूध सांडायचं. लेथवाल्यानं मोटर सरळ चाकाच्या पोटातच घातली. मधला आस स्थिर, त्याच्यावर तारेची वेटोळी, आणि भोवती चाक फिरतंय. तारा आत न्यायला त्यानं आस पोकळ केला. त्याचा हात लोखंडावर चालायचा, लेखणीवर नाही. म्हणून नकाशा काढला बायकोनं आणि मजकूरही लिहिला तिनंच. माझ्या पहिल्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, तिच्या हातचं लिहिलेलं आहे: 'पाने आठ.'

आठव्या पानावर लेथवाल्यानं सांगितलं, "लिही. तारा आत गेल्यावर आसाचं भोक राळेनं गच्च बुजवावं. हवेला कुठलीही वाट ठेवू नये. जिथून हवा जाईल तिथून पाणी जाईल."

बायकोनं लेखणी उचलून धरली. "हे आपण करून पाहिलंय का?"

"यात काय करून पाहायचं? शेंबड्या पोरालाही कळेल!"

तिनं लिहिलं. तो हात धुवायला गेला, तेव्हा तिनं त्या ओळीखाली आणखी काहीतरी बारीक अक्षरात लिहिलं. काय ते पुढं सांगतो.

माझी उमेदीची वर्षं मानाची गेली. चाकातल्या मोटरीवर काम करणारा प्रत्येकजण मला पाहायला यायचा. कचेरीत मला 'चाकमोटरीचा आजोबा' म्हणायचे. मग जुना पुठ्ठा फाटला आणि नवा घालताना एका कारकुनाच्या हातून डिंक सांडला. माझं सातवं आणि आठवं पान एकमेकांना चिकटून एकच झालं. कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढं कागदांचे फोटो काढून संगणकात ठेवायचे दिवस आले, तेव्हाही पानं भराभर उलटली गेली आणि सातांचेच फोटो निघाले. त्यानंतर सगळे माझा फोटो पाहू लागले. मला हात लावणाऱ्या राहिल्या एकट्या रेकॉर्डरूमच्या मावशी, आणि त्याही फक्त धूळ झटकायला, नाहीतर सुनावणीला टेबलावर नेऊन ठेवायला.

पण नाव होतंच. कुणी चाकमोटरीचा नवा अर्ज केला की परीक्षक मला पुढं करायचे: 'हे सगळं आजोबांनी आधीच सांगून ठेवलंय.' अर्ज फेटाळला जायचा. कबूल करतो, मित्रांनो, माझी छाती फुगायची.

गेल्या वर्षी एका सकाळी मावशींनी मला कपाटातून काढलं आणि ढकलगाडीवर घालून तिसऱ्या मजल्यावर नेलं. परीक्षक साहेब शिस्तीचे होते. सुनावणीला मूळ कागद टेबलावर पाहिजेच, हा त्यांचा नियम. मी टेबलावर आलो, माझ्यावर त्यांच्या चष्म्याचं घर ठेवलं गेलं, आणि साहेब माझ्याबद्दल बोलू लागले ते समोरच्या पडद्यावरचा माझा फोटो पाहून.

समोर एक बाई बसली होती. धंदा मोटरी वाइंडिंग करण्याचा, म्हणजे जळलेल्या मोटरींत नवी तार भरण्याचा. तिच्या अंगठ्यावर तारेनं पाडलेले घट्टे होते. शेजारी तिचा थोरला भाऊ, मोटरच्या चाकांच्या खुर्चीत. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर तिनं केलेलं चाक उघडून ठेवलं होतं.

भावाच्या खुर्चीनं तिला पिडलं होतं. साचलेल्या पाण्यातून गेलं की मोटरीत पाणी शिरायचं आणि खुर्ची जागच्या जागी थांबायची. एकदा तर भर चौकात थांबली. भाऊ साहेबांना सांगत होता, "ट्रकवाला ओरडतोय, बाजूला हो! मी म्हटलं, मीही खुर्चीला तेच सांगतोय." तो हसला. बहीण हसली नाही. त्या ट्रकचा ब्रेक त्या दिवशी लागला नसता तर, हे तिच्या डोक्यातून जात नसावं.

सहा वर्षं ती फटी बुजवत राहिली. जितकं घट्ट बुजवावं तितकं पाणी आत! मग एक दिवस तिला गरम भरून गार झालेल्या डब्याचं झाकण निघेना, आणि ती तशीच डबा धरून उभी राहिली. मोटर धावून तापते, आतली हवा फुगून बारीक फटीतून बाहेर पडते. चाक गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि त्याच फटीतून पाणी ओढून घेते. म्हणजे पाणी शिरत नव्हतं, मोटरच ते पीत होती. तिनं काय केलं? पोकळ आसातून एक बारीक नळी घातली आणि तिचं तोंड खुर्चीच्या पाठीशी, उंच कोरड्या जागी नेलं. आता मोटर वरून श्वास घेते. खुर्ची पुन्हा थांबली नाही.

"बाई, काम छान आहे," साहेब म्हणाले. "पण पोकळ आस या जुन्या कागदात आहे. तेलाच्या टाकीला हवेची नळी असते, तेही जुनं आहे. दोन्ही एकत्र केलं की झालं तुमचं. कुणालाही सुचलं असतं."

"साहेब, उत्तर समोर ठेवल्यावर गणित सगळ्यांनाच सोपं वाटतं," ती म्हणाली. "मग शंभर वर्षं कुणाला सुचलं का नाही?"

साहेबांनी मान हलवली, पण पेन खाली ठेवलं नाही. निकाल तिच्या विरुद्ध जाणार, हे दिसत होतं. आणि तसा गेला तर काय होणार, हेही तिला ठाऊक होतं. एका मोठ्या कारखान्यानं तिची मोटर बघायला म्हणून नेली होती. परत आली तेव्हा तिच्या नटांवर दुसऱ्याच पान्याचे ओरखडे होते. पेटंट नाकारलं की ते उद्यापासून तीच मोटर बनवणार, आणि हे कुणाचं म्हणून विचारलं तर सांगणार, आमचं.

ती उठेल असं मला वाटलं. उठली नाही. तिनं कचेरीनं पाठवलेली माझी प्रत पुढं केली.

"एक विचारू? इथं वर 'पाने आठ' लिहिलंय. मला सातच आली. मी परतपरत मोजली."

"लिहिण्यात चूक असेल."

"असेल. पण ज्यानं नकाशात एक रेघ चुकवली नाही, तो आकडा चुकवेल? आमच्या कामात तारेचा एक वेढा कमी पडला तरी मोटर जळते, साहेब. मोजायची सवय आहे."

साहेब थोडे चिडलेच. चष्म्याचं घर उचलून त्यांनी मला पहिल्यांदा हातात घेतलं. मोजलं. सात. मग शेवटचं पान दोन बोटांत धरून चोळलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मावशी," ते म्हणाले, "हे जाड लागतंय हो."

मावशींनी मला खिडकीशी नेलं. "डिंक आहे. ओलाव्यानं सुटेल. पण शाई कुठली, देव जाणे. घाई केलीत तर दोन्ही पानं जातील." त्यांनी टीपकागद ओला केला, पिळला, माझ्यावर ठेवला आणि सगळ्यांना जेवायला पाठवून दिलं.

ती दुपार मी विसरणार नाही. मित्रांनो, ते पान सुटू नये असंच मला वाटत होतं! त्यात काय आहे ते मला माहीत होतं. ज्यानं मला जन्म दिला त्याची चूक त्यावर होती, चारचौघांत वाचली जाणार होती. आणि न सुटलं, तर ही बाई हात हलवत घरी जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. मला बोलता येत नाही, हे बरंच होतं. बोलता आलं असतं तर मी गप्प बसलो असतो, याची मला आजही लाज वाटते.

चार वाजता पान सुटलं. साहेबांनी मोठ्यानं वाचलं: "हवेला कुठलीही वाट ठेवू नये. जिथून हवा जाईल तिथून पाणी जाईल." ते थांबले. पुन्हा वाचलं, मनात.

"म्हणजे हा कागद वाचणारा भोक बुजवेल," ते हळू म्हणाले. "नळी घालणार नाही. हा तर उलटी वाट दाखवतोय."

"मीही सहा वर्षं बुजवतच होते," वाइंडिंगवाली म्हणाली.

साहेबांनी चष्मा काढला. "माझी हरकत मी मागं घेतो. हा कागद तुमच्या विरुद्ध नाही. मी पूर्ण वाचला नव्हता."

मी डोळे मिटून घेतले असते, पण मला डोळे नाहीत. चाकमोटरीचा आजोबा चुकला होता आणि सगळ्यांना ते कळलं होतं. तेवढ्यात मावशी वाकून म्हणाल्या, "थांबा. खाली अजून काहीतरी आहे." त्यांनी भिंग धरलं. लेथवाल्याच्या बायकोचं ते बारीक अक्षर होतं.

'वरील वाक्य आम्ही करून पाहिलेले नाही. पुढे कुणी पाहिल्यास कळवावे.'

मग भावानं बहिणीला कोपरानं ढोसलं. "कळव की मग."

ती रडली. आधी हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. तिनं आपलं चाक उचलून माझ्या शेजारी आणून ठेवलं, अगदी जवळ.

इथं गोष्ट संपली असती तर मीही सुखानं कपाटात गेलो असतो. पण जाताना मावशींनी दारातच विचारलं, "साहेब, या सात पानांवर याआधी किती अर्ज फेटाळले?"

साहेबांनी पडद्यावर पाहिलं. बराच वेळ लागला. "नऊ. त्यातले चार माझे."

फेटाळलेल्या अर्जांचे नुसते नाव-पत्ते उरले होते; त्या नऊ जणांत कुणीकुणी हवेला वाट ठेवली होती, ते आता कुणाला सांगता येणार? साहेबांनी नऊ पत्रं लिहिली, मावशींनी ती टपालात टाकली. पाच परत आली, पत्त्यावर कुणी राहत नव्हतं. तिघांचं काहीच आलं नाही. एका मुलानं उत्तर पाठवलं: 'वडील वारले. त्यांचं चाक आम्ही भंगारात दिलं. त्यांना सगळे म्हणायचे, त्यात काय एवढं.' ते पत्र मावशींनी माझ्याच पुठ्ठ्यात ठेवलंय. माझी छाती आता फुगत नाही.

मित्रांनो, कुणी काही करून आणून तुमच्यासमोर ठेवलं, तर ते सोपं दिसणारच, कारण अवघड भाग त्यानं आधीच उरकलेला असतो. आणि आम्हा म्हाताऱ्यांचा दाखला द्यायचा असेल, तर खुशाल द्या. पण आम्हाला ओलाव्यापासून, डिंकापासून आणि घाईपासून जपा, आणि शेवटपर्यंत वाचा. आमच्यावरही कुणीतरी एखादी ओळ न करून पाहता लिहिलेली असते.

आम्ही आठ आहोत. मोजून घ्या.