एकाच आकड्यावर

माझा स्वभाव तापट, हे आमच्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांमधल्या खाडीच्या, दोन्ही काठांना ठाऊक आहे. पण धाकट्या भावाशी नऊ वर्षांचा अबोला काही माझ्यामुळे नव्हता. बाबांच्या दफनानंतर सगळे जेवायला बसलेले असताना सिग्वाल्ड चारचौघांत म्हणाला, "बाबांची एकुलती एक कॅसेट हिनं हरवली." बाबांचं व्हायोलिन त्या कॅसेटवरच काय ते उरलं होतं. मी घर पालथं घातलं. शेवटी शेवटी मलाच वाटायला लागलं, गेली असेल माझ्याच हातून.

परवा मावशीच्या दफनाला निघालो, तर फेरीबोटीच्या रांगेत नेमकी आमच्यापुढे सिग्वाल्डची हिरवी गाडी.

"आलं का ध्यान!" मी म्हटलं.

"उतरून बोल की," माझा नवरा हाल्दोर म्हणाला. "मावशीही गेली. आता उरलात दोघंच."

"मी का बोलू? जीभ त्याची घसरली होती."

आमची गाडी म्हातारी. लायटरच्या भोकात बोटभर यंत्र खुपसायचं, की मोबाइलवरची गाणी रेडिओवर वाजतात. मोठी रेडिओ केंद्रं एफएमवरून उठून डिजिटलवर गेल्यापासून तिथं सगळं ओस पडलंय, आणि सगळ्यांची यंत्रं दुकानातून येतात ती त्याच साडेसत्त्याऐंशीवर. आकडा बदलायचे कष्ट घेतो कोण? मग रांगेत शेजाऱ्याचं गाणं आपल्या गाडीत शिरतं.

मोबाइलवर लावलेलं मावशीच्या आवडीचं स्तोत्र संपलं, तसं मी यंत्र उपटलं. रेडिओ खरखरला आणि आधी पायाचे दोन ठोके ऐकू आले, मग व्हायोलिन. हाल्दोरनं बंद करायला हात पुढे केला, तो मी घट्ट धरला.

"अगं, काय झालं?"

तेवढ्यात आईचा आवाज आला, "कॉफी गार होतेय!" बाबाच वाजवत होते. मी हुंदके देऊन रडले. मग पुढच्या गाडीत सिग्वाल्डचं डोकं तालावर हलताना दिसलं, आणि माझं रडणं जागच्या जागी थांबलं.

मी उतरून त्याची काच ठोठावली. तो दचकला. त्याचा हात रेडिओकडे गेला.

"बंद केलंस तर बघ! कुठं मिळाली?"

त्यानं मान खाली घातली. "माझ्याच जुन्या गाडीत, ताई. भंगारात द्यायच्या आधी टेप उघडला, तर आत अडकलेली. मीच विसरलो होतो. मग मोबाइलवर उतरवून घेतली."

"कधी?"

"सात वर्षं झाली."

"सात!"

"रोज म्हणायचो, आज फोन करतो. पण नाही नाही ते बोलून बसलो होतो. कुठल्या तोंडानं सांगणार?"

रांग हलली. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला.

"बोललास ते मी सोडून देईन," मी म्हटलं, आणि माझा आवाज फाटला. "पण सात वर्षं बाबांना एकट्यानं ऐकलंस रे? मला त्यांचं वाजवणं आठवेनासं झालं होतं, सिग्वाल्ड."

त्यानं डोळे पुसत पलीकडचं दार उघडलं. "बस. पहिल्यापासून लावतो."

मी बसले. माफबिफ अजून केलेलं नाही. पण मी एकाहत्तरची, तो सदुसष्टचा. बाबा वाजवत असताना भांडत बसायला आमच्याकडे वर्षं उरलीत कुठं?