खळीने चिकटवलेली पाने

मित्रांनो, मी एक जुने पुस्तक आहे. माझी शिवण उसवली आहे, कोपरे दुमडले आहेत, आणि मधल्या काही पानांवर तपकिरी डाग आहेत. त्या डागांची मला मुळीच लाज वाटत नाही. कुणी ते पुसायला आले, तर मी पाने मिटून घेईन! ते डाग कसे पडले, तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म कोळिकोडच्या एका लहानशा छापखान्यात झाला. मला लिहिले विलासिनी नावाच्या नटीने. ती सिनेमात कधी नायिका झाली नाही. विहिरीत पडणारी शेजारीण, नवऱ्याला झाडूने बदडणारी बायको, लग्नाच्या पंगतीत चौथ्यांदा पायसम मागणारी मावशी, अशी कामे तिच्या वाट्याला यायची. पण ती पडद्यावर आली, की सारे थिएटर आधीच हसायला लागायचे. साठी उलटल्यावर तिने आपल्या आठवणी लिहून काढल्या. लिहितानाही ती तशीच घसरायची, पडायची, स्वतःवर हसायची आणि मग मध्येच एखाद्या ओळीत एकदम गप्प व्हायची. माझ्या पानांनी ते हसूही जपले आणि ते गप्प होणेही.

दुकानात मला जाडजूड ग्रंथांच्या शेजारी ठेवले होते. एका चष्मेवाल्या गृहस्थांनी मला उचलले, चाळले आणि म्हणाले, "नटनट्यांच्या आठवणी होय! बसची वाट बघताना ठीक आहे." मग त्यांनी मला परत ठेवले, तेही उलटे. मित्रांनो, बसची वाट बघणाऱ्या माणसाला मन नसते का? मी तेव्हाच ठरवले, की हलके म्हणणाऱ्याचे ऐकून घ्यायचे, पण मानायचे नाही.

मला विकत घेतले पंकजाक्षनने. कण्णूरजवळच्या एका विडी शेडमध्ये तो वाचक होता. तिथे शंभरेक बायका-पुरुष मांडीवर सूप घेऊन रांगेत बसायचे. पान कापायचे, तंबाखू भरायची, वळायचे, दोरा बांधायचा. हात सतत कामात, पण कान मोकळे. त्या कानांसाठी एक जण उंच बाकावर बसून दिवसभर मोठ्याने वाचायचा, आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी पुस्तक. त्या वर्षी या लोकांना नामांकित माणसांच्या आठवणी वाचायचा नाद लागला होता. एका गोलरक्षकाच्या आठवणी वाचून झाल्या होत्या, सर्कशीतल्या एका झोकेवालीच्याही. आपण ज्यांना लांबून टाळ्या वाजवतो, तेही घरी भांडतात, घाबरतात, हरतात, हे ऐकताना शेडमधल्या माणसांना फार बरे वाटायचे.

पण तिथे काय वाचायचे ते वाचन समिती ठरवायची, आणि समितीचे प्रमुख होते कुंजंबू. ताठ मानेचे, शिस्तीचे, लांब कानांचे गृहस्थ. माझ्या मुखपृष्ठावर तोंड उघडून हसणारी विलासिनी पाहताच त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"हे वाचायचं नाही. या शेडमध्ये विचारांची पुस्तकं वाचली जातात."

"एट्टा, विचार काय फक्त रडक्या तोंडाच्या माणसालाच येतात होय?" नबीसा म्हणाली. ती तिसऱ्या रांगेत बसायची, आणि कुंजंबूंना सगळ्यांसारखीच एट्टा, म्हणजे दादा, म्हणायची. तिच्या जिभेला तिच्या कात्रीइतकीच धार होती.

"नबीसा, थट्टा पुरे."

"थट्टा कुठं? मत घ्या की. शेड आपली आहे, कान आपले आहेत."

मत घेतले गेले. कुणाच्या हातात पान होते, कुणाच्या दोरा, कुणाच्या कात्री. ते सारे हात वर गेले. कुंजंबू सोडले, तर फक्त एक हात वर आला नाही. तो कार्त्यायनीचा होता.

कार्त्यायनी भिंतीजवळ बसायची. केस पिकलेले, बोलणे मोजके. तिने लग्न केले नव्हते. शेडमधल्या जुन्या माणसांना एक गोष्ट ठाऊक होती, पण ती कुणी बोलून दाखवत नसे. नटी विलासिनी ही तिची धाकटी बहीण होती. चाळीसेक वर्षांपूर्वी विलासिनी नाटक कंपनीबरोबर पळून गेली, आणि त्या दिवसापासून घरात आणि गल्लीत तिचे नाव घेणे बंद झाले. त्यामुळे पंकजाक्षनने माझे पहिले पान उघडले, तेव्हा त्याने भिंतीकडे एकदा भीत भीतच पाहिले. कार्त्यायनीने मान वर केली नाही. तिचे हात मात्र थांबले होते.

ते दिवस माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस होते! आठवणींची सुरुवातच विलासिनीच्या पहिल्या सिनेमापासून होती. त्यात तिला तळ्यात बुडायचे काम मिळाले होते. ती किनाऱ्यावर वाढलेली, पट्टीची पोहणारी. किती वेळा पाण्यात ढकलली, तरी ती आपली वर यायची. शेवटी दिग्दर्शक ओरडला, "बाई, तुला बुडायचे पैसे दिलेत, पोहायचे नाही!" हे ऐकून शेड अशी हसली, की तंबाखू उडाली आणि निम्मे लोक शिंकू लागले.

"काम बंद पडतंय," कुंजंबू कुरकुरले.

"कुठं बंद पडतंय? हसताना हात भराभर चालतात. माझं सूप बघा," नबीसा म्हणाली.

मग आठवणी मागे, तिच्या घराकडे वळल्या, आणि एका शनिवारी गोष्ट अशा जागी येऊन थांबली, की विलासिनी बोचके काखेत मारून घराच्या दाराशी उभी आहे. पंकजाक्षनने मला मिटले. तेवढ्यात कुंजंबूंनी मला उचलले. "पुढचा भाग मी जरा तपासून आणतो," म्हणाले.

रविवारी त्यांनी पुढचे प्रकरण वाचले. एकदा वाचले, पुन्हा वाचले. मग उठून त्यांनी खळीचे भांडे आणले. विड्यांच्या बंडलांवर लेबले चिकटवतात, तीच ही खळ. त्यांनी त्या प्रकरणाची पाने कडेकडेने एकमेकांना चिकटवली आणि वर पाटा ठेवला. मित्रांनो, पुस्तक फाडले तर ते निदान फाटलेले दिसते. चिकटवलेले पुस्तक वरून अगदी शहाण्यासारखे दिसते. मी आतल्या आत गुदमरलो.

सोमवारी पंकजाक्षनने मला उघडले आणि तो वाचू लागला. पण त्याने पुढे वाचले, तर विलासिनी मद्रासच्या स्टुडिओत उभी!

"थांब रे थांब!" नबीसा ओरडली. "शनिवारी बाई घराच्या दारात होती. आज एकदम मद्रासला? उडून गेली का काय?"

पंकजाक्षनने पान चाचपले. "पानं चिकटलीत."

"छापखान्याची चूक असेल," कुंजंबू पटकन म्हणाले. "पुढं वाच."

तेव्हा भिंतीजवळून आवाज आला. शेडमधल्या तरुण मुलींनी तो आवाज इतका मोठा कधी ऐकला नव्हता.

"पंकजाक्षा, आण ते पुस्तक इकडं."

कार्त्यायनीने मला हातात घेतले. कडेला बोट लावले, बोटाचा वास घेतला. विड्यांची पाने मऊ राहावीत म्हणून ती ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. तिने त्यातली पाने बाजूला सारली आणि माझी चिकटलेली पाने त्या गोणपाटात हलकेच दाबून ठेवली.

"अगं, सगळ्यांचं पुस्तक आहे ते! खराब होईल!" कुंजंबू उठून उभे राहिले.

"कुणी खराब केलं ते खळीला विचारा," नबीसा म्हणाली.

मला भीती वाटत होती. पाणी म्हणजे पुस्तकाचा मृत्यू, असे मी ऐकले होते. पण त्या गोणपाटात मी विरघळलो नाही, सैल झालो. दुपारच्या जेवणानंतर कार्त्यायनीने मला बाहेर काढले. विडीचे तोंड मिटायला तिच्या बोटात पत्र्याचे एक टोकदार नख असायचे. त्या नखाने तिने एकेक पान सोडवले. एकही अक्षर तिने दुखावू दिले नाही. माझ्यावर हे तपकिरी डाग पडले ते तेव्हाच.

"वाच," ती म्हणाली.

"चेची, नक्की?" मोठ्या बहिणीला हाक मारावी तसे पंकजाक्षनने विचारले.

"वाच म्हणते ना."

पंकजाक्षन वाचू लागला.

"माझ्या ताईचं लग्न ठरलं होतं. मुलगा आमच्याच गल्लीतला, शिकलेला, मोठमोठी भाषणं ठोकणारा. फक्त त्याचे कान असे होते, की वारा सुटला की मला वाटायचं, आता हा शिडाच्या होडीसारखा समुद्राकडे निघणार."

शेडमधल्या माना हळूहळू वळल्या. सगळ्या एकाच दिशेला. कुंजंबू खाली बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. नबीसाने डोक्यावरचे फडके तोंडात कोंबले, तरी तिचे खांदे गदगदत होतेच. पण हसण्याचा पहिला आवाज तिचा नव्हता. तो भिंतीजवळून आला. कार्त्यायनी हसत होती. डोळे पुसत, खोकत, गुडघ्यावर हात मारत ती हसत होती. मग मात्र कुणालाच आवरले नाही.

पंकजाक्षन पुढे वाचू लागला. "नाटक कंपनीची गाडी देवळामागं उभी होती, आणि आमच्या दारात काका राखणीला बसला होता. पण माझं नशीब बलवत्तर. नेमकी त्या दिवशी चुलीतली लाकडं ओली निघाली. घरभर असा धूर झाला, की काकासकट सगळे खोकत परसात पळाले, आणि मी पुढच्या दारानं निघाले."

"नशीब म्हणे!" कार्त्यायनी म्हणाली. "लाकडं खडखडीत वाळलेली होती. मूठभर मिरच्या टाकल्या होत्या मी चुलीत."

नबीसाने कात्री खाली ठेवली.

"तू?" नबीसाने विचारले. "मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलंय कधी? सगळ्यांनी ती पळाली एवढंच धरलं. पळवली कुणी, ते कुणालाच नको होतं." तिने पंकजाक्षनकडे हात केला. "पुढं?"

"मी गेले, आणि मुलानं लग्न मोडलं. नटीच्या बहिणीशी सोयरीक नको, म्हणाला. हजार माणसं मला हसली तर मला बळ येतं. पण ताई माझ्याकडं बघून हसणार नाही, या एका भीतीनं मी कधी घरी गेले नाही."

कुंजंबूंनी घसा खाकरला. "त्या वेळी घरच्यांनी... काळच तसा होता..."

"लग्न मोडलंत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, एट्टा," कार्त्यायनी म्हणाली. "तो तुमचा निर्णय होता. पण ही पानं? एकदा तुम्ही सगळ्यांनी तिचं नाव बंद केलंत, मी गप्प बसले. आता ती पुस्तकातून घरी आली, तर पुन्हा दार लावता? आता नाही गप्प बसणार. तिचं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलं जाईल. ज्याला ऐकवत नसेल, त्यानं कानांत बोळे घालावेत."

"बोळे जरा मोठेच लागतील," नबीसा पुटपुटली.

कुंजंबू बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी ते आले, पण समितीच्या खुर्चीवर बसले नाहीत. सूप घेऊन शेवटच्या रांगेत बसले. त्यांनी डोक्याला पंचा बांधला होता, कानांवरून. पण पंकजाक्षन वाचू लागला तेव्हा त्यांनी तो हळूच एका बाजूने वर सरकवला, हे मी बाकावरून पाहिले. त्यांनाही पुढे काय झाले ते ऐकायचे होते, मित्रांनो!

शेडच्या वार्षिक सभेला विलासिनीला बोलवायचे ठरले. ती आली. थकलेली, स्थूल, हातात काठी. गाडीतून उतरतानाच तिची काठी चिखलात रुतली, आणि लोक हसले. तिनेही सवयीने सगळ्यांना वाकून नमस्कार केला. पण शेडच्या दारात येताच तिचा चेहरा पांढरा पडला. भिंतीजवळ कार्त्यायनी बसली होती. ती उठली नाही. विडी वळतच राहिली.

"ताई," विलासिनी म्हणाली, "तुझं लग्न माझ्यामुळं मोडलं. मला माफ कर."

"माफी?" कार्त्यायनीने विडीचा दोरा दाताने तोडला. "वेडी आहेस का? तू पळालीस असं वाटतंय होय तुला? मी तुला पाठवलं होतं."

मग तिने मिरच्यांची गोष्ट सांगितली. विलासिनीने ऐकली आणि मटकन खाली बसली. सगळ्या केरळला हसवणारी ती नटी तंबाखूच्या धुळीत बसून लहान मुलीसारखी हुंदके देत होती. कार्त्यायनीने आपले सूप बाजूला ठेवले आणि बहिणीचे डोके मांडीवर घेतले. शेडमध्ये तिच्या मांडीवरून सूप कधी उतरलेले कुणी पाहिले नव्हते.

नंतर विलासिनीने मला मागून घेतले. माझी नवी प्रत तिच्या पिशवीत होती, तरी तिने मलाच मागितले. 'नशीब' हा शब्द तिने पेनाने खोडला आणि वर लिहिले, 'ताई'.

आज ती शेड बंद आहे. मी गावच्या वाचनालयात सगळ्यात खालच्या फळीवर असतो. फळीवर चिठ्ठी आहे, 'किरकोळ'. असू दे! मोठ्या माणसांनी लिहिलेल्या मोठ्या पुस्तकांशी माझे भांडण नाही. पण जे पुस्तक माणसाला हसवता हसवता त्याच्या मनातली बंद खोली उघडते, त्याला किरकोळ म्हणणाऱ्याशी मी शेवटचे पान गळेपर्यंत भांडत राहणार.

तेव्हा मित्रांनो, पुस्तकांची पाने फाडू नका, चिकटवू नका, आणि दुसऱ्या कुणी चिकटवली असतील तर घाबरू नका. धीर धरा, थोडी ओल द्या, नखाने हलकेच सोडवा. आणि मग मनातल्या मनात नको, मोठ्याने वाचा. भिंतीजवळ कुणीतरी ऐकत असते.