सरस धरेपर्यंत

खालच्या वर्कशॉपमधून सरसाचा उग्र वास आला आणि बॅग भरता भरता चिंगी थांबली. तिशी उलटली तरी वडिलांसाठी ती चिंगीच होती. दुपारच्या गाडीने तिला दुसऱ्या शहरात, पियानो दुरुस्तीच्या दुकानात कामावर रुजू व्हायचं होतं. ती धावतच खाली गेली.

"बाबा, आज?"

"लाकूड आजच तयार झालंय," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले.

टेबलावर सर्पवाद्याचे दोन भाग होते. जुन्या काळी युरोपातल्या चर्चमध्ये सामूहिक प्रार्थनेला खर्ज पुरवणारं, फुंकून वाजवायचं, सापासारखी वळणं घेत जाणारं, उलगडलं तर माणसाहून लांब भरेल असं वाद्य. एका संग्रहालयाने ते मागवलं होतं. अक्रोडाच्या फळ्या आतून कोरायच्या, एकमेकींना चिकटवायच्या, वर चामडं चढवायचं. वळणांवर फळ्या आवळणारे शिकंजे घसरत, म्हणून सरस धरेपर्यंत तिथे हातांनीच दाबून ठेवावं लागे. त्याला चार हात हवेत. भाऊ घर सोडून गेल्यापासून त्यातले दोन तिचे.

"शेजारच्या काकांना बोलावते."

"त्यांना काय कळतंय त्यातलं? धर."

सरस लावून झाला होता. आता हात लावला नसता तर इतक्या महिन्यांचं कोरीवकाम मातीत गेलं असतं. तिने धरलं.

बोटं बधिर झाली. बाहेर ऊन कलत होतं.

"तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

बाबांनी आपल्या बाजूची फळी आणखी घट्ट दाबली. "तू गेल्यावर हे मी कोणाबरोबर करणार होतो?"

"मग काल बोलायचंत."

"काल बोललो असतो तर तू गेली असतीस."

तिला रडू फुटलं. नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता.

गाडी गेली. तिने दुकानात फोन करून उद्या येते म्हणून सांगितलं, तर मालक म्हणाला, "राहू द्या, दुसरा माणूस समोरच बसलाय." बाबांनी ते ऐकलं. त्यांनी तिच्यापुढे चहा ठेवला, अतिगोड, आणि हळूच विचारलं, "चामडं भिजत घालू?"

"घाला," ती म्हणाली.

पुढे संग्रहालयात वाद्य वाजलं ते रेड्याने हंबरावं तसं. पण लोक खूश झाले. आणखी दोघांनी तिथल्या तिथे असंच वाद्य मागितलं. बाबांनी चिंगीला पुढे ओढलं आणि सगळ्यांना सांगितलं, "हिच्याशिवाय माझं पान हलत नाही."

सगळे कौतुकाने बघत होते. ती हसली. बाबांचा हात तिच्या खांद्यावर होता. तो बाजूला कसा करावा, तिला सुचेना.