बंटीच्या उतारावर देवयानीबाई

लक्ष्मीकांतरावांना स्कीइंगमधलं सगळं येत होतं, फक्त स्कीइंग येत नव्हतं. गुडघे किती वाकवायचे, वजन कुठल्या पायावर टाकायचं, छाती कुठल्या दिशेला ठेवायची, हे त्यांनी मोबाइलवर पाहून तोंडपाठ केलं होतं आणि दर रविवारी सकाळी इंदोरात, पोलोग्राउंडच्या कारखान्यांतल्या एका शेडमध्ये उभं राहून ते आपल्या बायकोला ओरडून सांगत. स्वतः त्यांनी पायात स्की कधी बांधली नाही. कुणी आग्रह केलाच तर "माझे गुडघे" एवढंच म्हणून ते मांडीवर थाप मारायचे. अशा माणसाला मराठीत उंटावरचा शहाणा म्हणतात. देवयानीबाईंच्या जिभेवर हे शब्द कितीदा तरी आले होते, पण त्या ते चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकत.

आता पोलोग्राउंडला बर्फ कुठला, असं कुणी विचारेल. बर्फ नव्हताच. होता तो बंटी. रस्ते झाडणाऱ्या गाड्यांना जे मोठे गोल ब्रश लागतात, ते बनवायचा कारखाना बंटीच्या वडिलांचा. आपल्या शहराला झाडलोटीचं जे वेड आहे, त्यात तो धंदा मंदावायचा प्रश्नच नाही. बंटी एकदा हिमालयात औलीला गेला, तिथे स्कीइंगचा कोर्स करून आला आणि येताना त्या खेळाच्या प्रेमात पडून आला. इंदोरच्या माणसाला एखादी गोष्ट इंदोरात मिळत नाही, हे सहनच होत नाही. त्याने रिकाम्या शेडमध्ये लोखंडी सांगाडा उभा केला, वर प्लायवूड ठोकलं आणि त्यावर कारखान्यातल्या नापास ब्रशांचे नायलॉनचे केस वर करून बसवले. पाइपने पाणी मारलं की त्यावरून स्की झकास घसरायची. पडलं तर कोपर सोलून निघायचं, एवढाच फरक. दोन्ही बाजूंना त्याने जुन्या गाद्या लावल्या आणि दुकान थाटलं.

बंटी परदेशीपुऱ्यात मराठी शेजाऱ्यांत वाढलेला, त्यामुळे त्याची शिकवणीही तशीच खिचडी असायची. स्कीची टोकं जवळ आणून मागची बाजू फाकवली की वेग कमी होतो. त्याला तो म्हणायचा समोसा. दोन्ही स्की सरळ समांतर ठेवल्या की वेग वाढतो. तो फाफडा. "आंटीजी, घाबरायचं नाही. भीती वाटली की समोसा, मजा वाटली की फाफडा. बाकी सब टाइमपास है."

देवयानीबाई अन्नपूर्णा मंदिराजवळच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. त्यांच्या तासाला वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येई. अशा बाईंना पन्नाशी उलटल्यावर हे घसरण्याचं खूळ कुठून लागलं, तर तेही औलीतच. गेल्या हिवाळ्यात मुलीने, संहिताने, दोघांना तिकडे नेलं होतं. फोटोपुरत्या म्हणून बाईंनी स्की बांधल्या. जागा इतकी सपाट की चेंडूसुद्धा घरंगळायच्या आधी विचार करेल. तरी त्या घसरल्या. चार-सहा हातच, पण आपल्या आपण, आणि घसरता घसरता त्यांच्या तोंडून असं हसू फुटलं की संहिता बघतच राहिली. मग लक्ष्मीकांतरावांनी धावत येऊन मागून त्यांचं जॅकेट धरलं आणि कार्यक्रम आटोपला.

संहिताने ते हसू लक्षात ठेवलं. या वर्षी तिचा फोन आला, "आई, जानेवारीत पुन्हा जाऊन राहिलोय. या वेळेला वरच्या उतारावर आपण दोघी. बाबांना खाली चहाच्या टपरीवर बसवू."

"येईन," देवयानीबाई म्हणाल्या. उताराची भीती त्यांना फारशी नव्हती. भीती होती ती वेगळीच.

तरुणपणी त्या स्कूटर शिकल्या होत्या. लक्ष्मीकांतराव मागे बसून, डावीकडे वळायचं तर डावा खांदा दाबत आणि उजवीकडे तर उजवा. एके दिवशी मंदिराच्या वळणावर त्यांनी घाबरून दोन्ही खांदे एकदम दाबले. स्कूटर फुलवाल्याच्या टोपल्यांत शिरली आणि बाई झेंडूने माखून घरी आल्या. मग पोहणं. हे काठाने बूट घालून चालत राहायचे आणि "श्वास! श्वास घे!" म्हणून ओरडायचे. देवयानीबाई आज्ञाधारकपणे तिथेच श्वास घ्यायच्या, आणि नेमकं तेव्हाच त्यांचं तोंड पाण्यात असायचं. मोटारीची गोष्ट तर बायपासवरच संपली. यांनी चालत्या गाडीचा हँडब्रेक ओढला आणि बाईंनी मुकाट्याने किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

लक्ष्मीकांतराव दुष्ट नव्हते हो. सरकारी खात्यात जन्मभर निरीक्षक होते, त्यामुळे समोर चाललेल्या कामात खोट काढली नाही तर त्यांना अन्न गोड लागत नसे. शिवाय बायकोवर त्यांचा जीव होता. तिला काही झालं तर, या विचाराने त्यांना खरोखरच घाम फुटायचा. रागवावं तरी कसं अशा माणसावर? पण देवयानीबाईंना एक पक्कं ठाऊक होतं. पोहायची टोपी आणि ड्रायव्हिंगचं पुस्तक ज्या माळ्यावर जाऊन बसलं, तिथेच हेही गेलं, तर यापुढे त्या नवीन काही म्हणून हातात धरणार नव्हत्या. आपल्याला एकटीने काही जमत नाही, हे तेव्हा त्यांनाच पटलेलं असणार होतं.

फोननंतर लगेच बंटीकडे शिकवणी धरली, तेव्हा सुरुवात तर छान झाली होती. लक्ष्मीकांतराव तेव्हा भावाकडे पुण्याला गेले होते. तेवढ्या रविवारांत बाई अर्ध्या उंचीवरून सरळ खाली यायला शिकल्या, समोसा करून थांबायला शिकल्या. नडग्या बुटाच्या जिभेवर टेकवून पुढे झुकलं की स्की ऐकते आणि भिऊन मागे रेललं की पळून जाते, हेही त्यांना कळलं. एकदा तर त्यांनी चक्क फाफडा केला. बंटीने शिट्टी वाजवली.

मग राव परतले आणि माशी शिंकली. गळ्यात मफलर, हातात चहाचा थर्मास, अशा थाटात ते डावीकडच्या गाद्यांजवळ उभे राहिले. "अगं, वजन पुढे! बाहेरच्या पायावर! बाहेरच्या!" देवयानीबाई निघाल्या आणि थेट डावीकडच्या गाद्यांत जाऊन पडल्या. पुन्हा निघाल्या, पुन्हा तिथेच. पुढच्या रविवारीही तेच. दर वेळी राव त्यांना हात देऊन उठवत, चहा पाजत आणि काय चुकलं ते पहिल्यापासून समजावून सांगत.

शेवटी एका सकाळी बंटी डोकं खाजवत म्हणाला, "आंटीजी, एक बात बोलू? राग नका मानू. स्की तिकडेच जाते जिकडे माणूस बघतो. मान वळली की खांदे वळतात, खांदे वळले की पाय वळतात. तुम्ही पण ना, निघाल्या निघाल्या अंकलकडे बघता. मग अंकलकडेच जाता."

पोहे-जिलबी हाणून मजा बघायला आलेली मंडळी खाली बाकावर बसलेली असायचीच. त्यांतला एक ओरडला, "वाह भिया, क्या प्यार है!" सगळे हसले. लक्ष्मीकांतराव लाजले आणि त्यांनी मफलर सारखा केला. देवयानीबाईंचेही गाल लाल झाले, पण लाजेने नव्हे. त्यांना स्वतःचाच राग आला होता. आमटी उतरवायच्या आधी, साडी घ्यायच्या आधी, रस्ता ओलांडायच्या आधी आपण यांच्याकडे बघतो, हे त्यांना त्या गादीवर बसल्या बसल्या दिसलं. आणि ही सवय यांनी लावली नव्हती, आपणच लावून घेतली होती. हे जास्त झोंबलं.

घरी येताना गाडीत त्या बंटीचं बोलणंच मनात घोळवत होत्या. लक्ष्मीकांतराव मात्र खुशीत होते, कारण त्यांना उपाय सापडला होता.

"एकदम सिंपल आहे. तू माझ्याकडेच येते ना? मग मी कडेला कशाला उभा राहू? मी खाली मधोमध उभा राहतो. तू बरोबर सरळ येशील."

"अहो, आणि तुम्हाला धडकले तर?"

"समोसा कर ना. आणि मी आहे की पकडायला!"

देवयानीबाईंनी खिडकीबाहेर बघितलं.

पुढचा रविवार त्यांनी मनाशी ठरवून ठेवला होता. त्या दिवशी त्या थेट वरच्या टोकावरून येणार होत्या. जानेवारी तोंडावर आला होता. इथून आज जमलं नाही तर संहिताला फोन करून, तू जा, मी बाबांबरोबर टपरीवर बसते, असं सांगायचं. तसं त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण रात्रभर त्या कुशी बदलत राहिल्या होत्या.

बंटी वर त्यांच्या बुटांच्या पट्ट्या आवळत होता, तेवढ्यात खाली लक्ष्मीकांतराव दोरीखालून वाकून आत शिरले आणि उतार जिथे सपाट होतो तिथे बरोबर मध्यावर जाऊन उभे राहिले.

"ओ अंकल! तिथं उभं नाही राहायचं! बाजूला व्हा!" बंटी ओरडला.

"तू तुझं काम कर रे भिया, मी माझं करतो," खालून उत्तर आलं.

बंटी त्यांना बाजूला करायला सांगाड्याच्या जिन्याकडे वळला आणि इकडे देवयानीबाईंच्या स्की कडेवरून पुढे सरकल्या. मुद्दाम नव्हे. मागे रेलू नये म्हणून त्या पुढे झुकल्या होत्या, आणि उताराला तेवढं निमित्त पुरलं.

अर्ध्या उंचीवरून येणारा वेग आणि पुऱ्या उंचीवरून येणारा वेग, यात बरंच अंतर आहे. ओले ब्रश पायांखाली सरसर वाजू लागले. देवयानीबाईंनी समोर बघितलं. समोर नवरा. माकडटोपी घातलेला, दोन्ही हात पसरलेला नवरा. रुळावरून यावं तशा त्या त्याच्या दिशेने निघाल्या.

"समोसा!" लक्ष्मीकांतराव ओरडले. "अगं समोसा! वजन पुढे! नाही नाही, मागे! थांब! अगं थांब!"

त्यांनी समोसा केला. वेग थोडा मोडला, पण पुरेसा नाही. आता नवऱ्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता आणि त्या चेहऱ्यावर भीती होती. तरी तो माणूस जागचा हलत नव्हता. हाडं मोडतील हे कळत असून बायकोला झेलायला उभा होता. देवयानीबाईंना त्या क्षणी त्याची इतकी माया आली की डोळे भरून येतील असं वाटलं. आणि त्याच क्षणी हेही कळलं, की आपण असंच बघत राहिलो तर याला घेऊन आडव्या होणार.

नजर काढून घेणं फार अवघड गेलं. बाकी शरीराने तर काहीच करायचं नव्हतं. त्यांनी मान उजवीकडे वळवली. तिकडे शेडचं निळं फाटक होतं, अर्धवट उघडं, आणि त्यातून ऊन आत येत होतं. त्या फाटकाकडे बघत राहिल्या. खांदे आपसूक वळले, वजन डाव्या पायावर आलं, बाहेरच्या पायावर, आणि दोन्ही स्की सुतासारख्या उजवीकडे वळल्या. लक्ष्मीकांतरावांच्या मफलरचं टोक वाऱ्याने उडालं, इतक्या जवळून त्या गेल्या. उजवीकडच्या गाद्या समोर आल्या, तेव्हा त्यांनी डावीकडे बघितलं. स्की डावीकडे आल्या. मग समोसा. मग त्या थांबल्या, उभ्याच्या उभ्या, कशालाही न धरता.

बंटी जिन्यावरूनच किंचाळला, "ओय होय आंटीजी! टर्न मारला! दो-दो टर्न!" बाकावरच्या मंडळींनी टाळ्या पिटल्या. देवयानीबाईंना हसू फुटलं आणि ते आवरेना.

लक्ष्मीकांतराव अजून मधोमधच उभे होते. हात पसरलेलेच. त्यांनी आधी बायको गेली तिकडे पाहिलं, मग स्वतःच्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि ते हळूच खाली घेतले.

"लागलं का गं?" त्यांनी विचारलं.

"कुणाला?"

ते जवळ आले. त्यांचा श्वास अजून जाग्यावर आला नव्हता. "बघ, म्हटलं नव्हतं मी? मधोमध उभा राहिलो म्हणून जमलं तुला."

यात थोडं तथ्य होतंच. देवयानीबाईंनी वाकून स्की सोडल्या, खांद्यावर घेतल्या आणि जिन्याकडे निघाल्या.

"अगं, पुन्हा?"

"हो."

"वरूनच?"

"वरूनच."

लक्ष्मीकांतराव दोन पावलं त्यांच्या मागे गेले. आयुष्यभर दुसऱ्यांना जागा दाखवणारा तो माणूस आता जरा बावरून इकडेतिकडे बघत होता. "मग आता मी कुठे उभा राहू?"

देवयानीबाई पायरीवर थांबल्या. वळून त्यांनी त्याच्याकडे नीट, प्रेमाने बघितलं. त्याची माकडटोपी एका बाजूला सरकली होती, ती त्यांनी हात लांबवून सरळ केली.

"कुठेही उभे राहा हो," त्या म्हणाल्या. "मी तिकडे बघणार नाहीये."

आणि त्या वर गेल्या. लक्ष्मीकांतराव बाकावरच्या मंडळींत जाऊन बसले. कुणीतरी पुढे केलेला चहाही त्यांनी घेतला नाही. ती निघाली तसे त्यांचे गुडघे बसल्या जागी आणखी वाकले, ती वळली तसे तेही उजवीकडे कलले, ओठ सारखे हलत होते, पण आवाज म्हणून निघाला नाही. हे सगळं देवयानीबाईंना नंतर बंटीकडून कळलं. त्यांनी स्वतः काहीच पाहिलं नव्हतं.